साखळी पैजेचे गणित : मधले ४३ हजार कुठे गेले?

विज्ञान दिनाच्या कार्यक्रमासाठी आम्ही नालासोपारा पूर्वेकडील एका शाळेत गेलो होतो. शाळेला जोडूनच कनिष्ठ महाविद्यालय आहे. व्याख्यान संपल्यावर चहा घेताना गणिताच्या एका शिक्षकांनी आम्हाला बाजूला घेतले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या बारावीच्या एका विद्यार्थ्याने भ्रमणध्वनीवरून लावलेल्या पैजेचा तपशील त्यांनी त्यावर उतरवून घेतला होता. आठ क्रिकेट सामने, आठ संघांची नावे, प्रत्येकापुढे १.९ च्या आसपासचा आकडा. लावलेली रक्कम ५०० रुपये. आठही अंदाज बरोबर आले तर मिळणारी रक्कम जवळजवळ ८५ हजार रुपये. सात अंदाज बरोबर आले, आठवा चुकला. ५०० रुपये गेले, आणि ते शिकवणीच्या शुल्काचे होते.

"पैसे गेले याचे मला इतके वाटत नाही," शिक्षक म्हणाले. "पण मुलगा म्हणतो, सर, आठापैकी सात बरोबर आले, म्हणजे मला जमतंय. पुढच्या वेळी नक्की. मी त्याला जुगार वाईट असतो म्हणून सांगितले. तर तो म्हणाला, सर, तुम्ही गणिताचे ना? मग गणिताने दाखवा. तुम्हीच सांगा, काय दाखवू?"

मुलाची मागणी रास्त होती असे आम्हाला वाटते. उपदेशाला त्याने उत्तर मागितले नव्हते, हिशेब मागितला होता. तो हिशेब नववी-दहावीच्या गुणाकारापलीकडे जात नाही. म्हणून तो येथे मांडत आहोत.

नालासोपारा ते घाटकोपर

आधी पैज बाजूला ठेवू आणि रोजच्या प्रवासाकडे पाहू. नालासोपाऱ्याहून घाटकोपरला कामावर जाणारा माणूस घरापासून स्थानकापर्यंत रिक्षाने येतो, मग विरारहून येणारी लोकल पकडतो, अंधेरीला उतरून मेट्रो घेतो आणि घाटकोपरला उतरून बस पकडतो. वाहने चार. यातले प्रत्येक वाहन वेळेवर मिळण्याची शक्यता १० पैकी ९ वेळा आहे असे धरू. तर हा माणूस १० पैकी किती दिवस वेळेवर पोहोचेल?

वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. बहुतेक मुले ९ म्हणतील, काही ८ म्हणतील. आता १०० दिवस घेऊ. रिक्षा वेळेवर मिळाली असे ९० दिवस. त्या ९० पैकी लोकलही मिळाली असे ८१ दिवस. त्यातले मेट्रोही मिळाली असे सुमारे ७३, आणि बसही मिळाली असे सुमारे ६६. म्हणजे १०० पैकी ३४ दिवस उशीर! एकेक दुवा चांगला मजबूत असूनही साखळी बरीच कच्ची निघते. गणिताच्या भाषेत, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या घटना सगळ्याच्या सगळ्या घडण्याची संभाव्यता ही त्यांच्या संभाव्यतांचा गुणाकार असते. ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९ = ०.६५६१.

येथे 'एकमेकींवर अवलंबून नसलेल्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचून वसई ते विरार दरम्यानची वाहतूक बंद पडली होती. अशा दिवशी रिक्षा, लोकल, बस सारे एकाच कारणाने एकदम अडते. त्या दिवसाला गुणाकाराचा हा नियम लावता येत नाही. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

'भाव' म्हणजे काय?

आता पैजेकडे वळू. प्रथम एकच सामना घेऊ, आणि दोन्ही संघ तुल्यबळ आहेत असे मानू. नाणे उडवल्यासारखीच स्थिती. आपण १० रुपये लावले आणि अंदाज बरोबर आला तर किती मिळावेत? हार आणि जीत सारख्याच शक्यतेची असल्याने न्याय्य रक्कम २० रुपये. लावलेल्या एका रुपयामागे परत मिळणाऱ्या रकमेला 'भाव' म्हटले, तर न्याय्य भाव २ होतो.

पण पैज घेणारा, म्हणजे बुकी, धर्मादाय काम करीत नाही. तो दोन्ही संघांना २ ऐवजी १.९ भाव देतो. समजा एका संघावर लोकांनी मिळून १०० रुपये लावले आणि दुसऱ्यावरही १००. बुकीकडे २०० रुपये जमले. कोणीही जिंको, त्याला १९० रुपये वाटावे लागतात. १० रुपये त्याच्याकडे उरतात. म्हणजे जमलेल्या दर १०० रुपयांमागे त्याची कापणी ५ रुपयांची. कोण जिंकणार याची त्याला फिकीर नसते. दोन्ही बाजूंना पैसा सारखा राहील एवढेच तो पाहतो.

लावणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर, निम्म्या वेळा १० रुपयांचे १९ होतात आणि निम्म्या वेळा शून्य. सरासरी ९ रुपये ५० पैसे. रुपयामागे ९५ पैसे परत. वाईट सौदा आहे, पण नुकसान एकदम नजरेत भरत नाही.

साखळी

साखळी पैज, जिला इंग्रजी वळणाने अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात आणि पैजांच्या अ‍ॅपवर 'मल्टी' किंवा 'कॉम्बो' अशा नावांनी दाखवतात, ती याच्या पुढची पायरी आहे. तिचा नियम असा : अनेक सामन्यांचे अंदाज एकत्र बांधायचे. सारेच्या सारे बरोबर आले तरच पैसे मिळणार. एक चुकला की सारे गेले. बरोबर आल्यास सर्व भावांचा गुणाकार करून तेवढ्या पट रक्कम मिळणार.

गुणाकार का? कारण साखळी पैज ही प्रत्यक्षात एकामागून एक लावलेल्या साध्या पैजाच आहेत. पहिल्या सामन्यावर १० रुपये लावले, १९ मिळाले. ते सारे १९ दुसऱ्या सामन्यावर लावले, ३६ रुपये १० पैसे मिळाले. ते सारे तिसऱ्यावर लावले, ६८ रुपये ५९ पैसे झाले. मधे हात आखडता घ्यायचा नाही, एवढाच करार. चक्रवाढ व्याजात जसे व्याजावर व्याज चढते तसे येथे जिंकलेले सारे पुन्हा पणाला लागते.

आता हे दोन गुणाकार शेजारीशेजारी ठेवून पाहू. भाव प्रत्येक वेळी १.९ आणि लावलेली रक्कम १० रुपये धरली आहे.

१ सामना : मिळणारी रक्कम १९ रुपये, शक्यता २ मध्ये १, शंभरातून सरासरी परत ९५ रुपये.
२ सामने : ३६.१० रुपये, ४ मध्ये १, परत ९०.२५ रुपये.
३ सामने : ६८.५९ रुपये, ८ मध्ये १, परत ८५.७४ रुपये.
५ सामने : २४७.६१ रुपये, ३२ मध्ये १, परत ७७.३८ रुपये.
८ सामने : १,६९८.३६ रुपये, २५६ मध्ये १, परत ६६.३४ रुपये.
१० सामने : ६,१३१.०७ रुपये, १,०२४ मध्ये १, परत ५९.८७ रुपये.

पहिला आकडा पाहून डोळे दिपतात. शेवटचा आकडा मात्र कोणत्याही जाहिरातीत छापलेला नसतो. आठ सामन्यांच्या साखळीत बुकीची कापणी ५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांच्या पुढे गेली. त्याने भाव बदलला नाही, लबाडी केली नाही. प्रत्येक दुव्यावर तो आपले ५ टक्के घेतो, आणि उरलेल्या रकमेवर पुन्हा ५ टक्के. ०.९५ चा आठ वेळा गुणाकार केला की ०.६६३४ येतो, इतकेच.

त्या मुलाच्या पैजेला हे लावून पाहू. २५६ मध्ये १ अशी शक्यता असलेल्या पैजेला न्याय्य रक्कम ५०० × २५६, म्हणजे १,२८,००० रुपये. त्याला दाखवलेली रक्कम सुमारे ८५,००० रुपये. मधले ४३ हजार कुठे गेले? ते आठ दुव्यांवर मिळून कापले गेले. मुलाला ८५ हजार दिसले; न दिसलेले ४३ हजार त्याने मोजले नाहीत, कारण ते मोजावे लागतात हेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

अ‍ॅपवर पुष्कळदा साखळीला 'बोनस' देऊ करतात. पाच सामन्यांच्या साखळीवर मिळणाऱ्या रकमेत १० टक्के जादा, असे समजू. शंभरातून ७७.३८ ऐवजी ८५.१२ रुपये परत येतील. बक्षीस म्हणून दिलेली ही साखळी एकट्या सामन्याच्या ९५ पेक्षा अजूनही बरीच महाग आहे.

मुंबईची जुनी साखळी

हे सारे भ्रमणध्वनीबरोबर आले असे समजू नये. वेदकाळातील फाशांचा जुगार बेहड्याच्या फळांनी खेळला जाई, आणि जुगाऱ्याच्या दैन्यावर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक अख्खे सूक्त आहे. आपल्याच मुंबईतले उदाहरण घ्यायचे तर मटक्याचे घेता येईल.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईत येत, आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. १९६१ मध्ये तो मार्ग बंद झाला. मग आकडे मुंबईतच काढण्याची पद्धत सुरू झाली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचा. पुढे आकडे पत्त्यांतून काढले जाऊ लागले. तीन पत्त्यांची बेरीज करायची, तिचा शेवटचा अंक म्हणजे 'ओपन'. नंतरच्या तीन पत्त्यांवरून तसाच 'क्लोज'. कापूस बाजार गेला, पण त्याचे शब्द राहिले. गिरणगावात हा खेळ किती खोल रुजला होता हे जुन्या पिढीला सांगायला नको.

ओपन आणि क्लोज मिळून होणारी 'जोडी' ही दोन दुव्यांची साखळीच आहे. सोयीसाठी दहाही अंक सारख्याच शक्यतेचे धरू. एका अंकाला रुपयाला नऊ हा परिचित भाव. न्याय्य भाव दहा, म्हणजे कापणी १० टक्के. ओपनवर मिळालेले नऊच्या नऊ क्लोजवर लावले तर ९ × ९ = ८१ मिळतील. न्याय्य रक्कम १०० होती. कापणी १० वरून १९ टक्क्यांवर गेली. येथे मधे क्रिकेटही नाही आणि संगणकही नाही, तरी गणित तेच.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरील जॅकपॉट मात्र थोडा वेगळा आहे, आणि तो फरक समजून घेण्याजोगा आहे. हे मैदान १८८३ पासूनचे. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब तेथे शर्यती भरवतो. जॅकपॉटमध्ये लागोपाठच्या पाच शर्यतींचे विजेते घोडे ओळखायचे असतात. पण येथे बुकीने ठरवलेला भाव नसतो. तिकिटांचे सारे पैसे एकत्र जमतात, त्यातून ठरलेली कपात एकदाच होते आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. कपात एकदाच होत असल्याने पाच शर्यती असूनही कपातीचा पाच वेळा गुणाकार होत नाही. याचा अर्थ जॅकपॉट लावणे शहाणपणाचे असा मात्र नाही. कपात आहेच, आणि पाचही घोडे ओळखणे दुर्मीळच. शिवाय गुणाकार येथे दुसऱ्या दाराने आत येतो. खात्रीसाठी प्रत्येक शर्यतीत दोन-दोन घोडे धरावेत असे एखाद्याला वाटले, तर त्याला २ × २ × २ × २ × २ = ३२ तिकिटांचे पैसे मोजावे लागतात. तीन-तीन घोडे धरले तर २४३ तिकिटांचे.

'हमखास' पाच वेळा

मुले म्हणतील, आम्ही नाणेफेकीसारख्या सामन्यांवर लावतच नाही. बलाढ्य संघ दुबळ्या संघाशी खेळत असेल तिथेच लावतो. ठीक आहे. असा संघ १० पैकी ८ वेळा जिंकतो असे धरू. असे पाच 'हमखास' विजय एकत्र बांधले तर ०.८ चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे ०.३२७७. तीनपैकी दोन वेळा साखळी तुटणार. आणि बलाढ्य संघाला बुकी भावही त्या मानाने कमीच देतो, त्यामुळे कापणी चुकत नाही.

साखळीची ताकद आपण वाजवीपेक्षा जास्त समजतो, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले आहे. इस्रायलच्या माया बार-हिलेल यांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका पिशवीत निम्म्या गोट्या लाल. एकच गोटी काढायची, ती लाल आली तर जीत. दुसऱ्या पिशवीत १० पैकी ९ लाल. पण गोटी काढून, पाहून, परत टाकून असे सात वेळा करायचे, आणि सातही वेळा लालच आली तर जीत. कोणती पैज घ्याल? बहुतेकांनी दुसरी निवडली. पहिलीची संभाव्यता ०.५०, दुसरीची ०.९ चा सात वेळा गुणाकार, म्हणजे ०.४८. आपले मन पहिल्या दुव्याच्या ०.९ ला धरून बसते आणि पुढचे सहा गुणाकार पुरते करीत नाही. साखळी पैजेचा धंदा याच खाचेत पाय रोवून उभा आहे.

सात बरोबर, एक चूक

आता त्या मुलाचा मुख्य दावा : आठापैकी सात बरोबर आले, म्हणजे मला जमते आहे.

आठ नाणी उडवली तर आठही छाप पडण्याचा प्रकार एकच. सात छाप आणि एक काटा पडण्याचे प्रकार मात्र आठ, कारण तो एक काटा आठांपैकी कोणत्याही नाण्यावर पडू शकतो. म्हणजे काहीही न कळता केवळ अंदाजाने आठ सामने लावणाऱ्यांत, एकाची साखळी पूर्ण होते तेव्हा सरासरी आठ जणांची साखळी एकाने हुकते. 'एकाने हुकले' हा अनुभव साखळीच्या रचनेतच आहे. तो कौशल्याची खूण नाही. पण मनाला तो विजयाच्या शेजारी उभा असल्यासारखा वाटतो. पैशाच्या हिशेबात मात्र सात बरोबर आणि शून्य बरोबर यांची किंमत एकच, शून्य.

'इतक्यांदा हुकले, आता लागायलाच हवे' ही समजूतही अशीच. मागच्या साखळीचे काय झाले हे पुढच्या सामन्याला ठाऊक नसते. २५६ मध्ये १ अशी साखळी १०० वेळा लावली, तरी एकदाही न लागण्याची संभाव्यता सुमारे ०.६८ आहे. म्हणजे पाचशेप्रमाणे ५० हजार रुपये लावणाऱ्या तिघांपैकी दोघांना एकही विजय मिळणार नाही.

एखाद्याला खरोखरच खेळातले कळत असेल तर? प्रामाणिकपणे सांगायचे तर गुणाकार त्याच्या बाजूनेही काम करतो. १.९ भावाला तोटा टाळायचा तर १०० पैकी सुमारे ५३ अंदाज बरोबर यायला हवेत. सातत्याने ५५ बरोबर आणणारा माणूस दर रुपयामागे सरासरी साडेचार पैसे कमावील, आणि साखळीत तो फायदाही वाढेल. पण आठांची साखळी त्याचीही सरासरी ११९ मध्ये एकदाच लागेल; १०० साखळ्या लावूनही एकदाही न लागण्याची संभाव्यता ०.४३ राहील. आणि बुकीने भाव ठरवताना संघ, मैदान, हवामान सारे आधीच पाहिलेले असते. त्याच्याहून सातत्याने जास्त कळणे ही सोपी गोष्ट नव्हे.

राहिला स्वतंत्रतेचा मुद्दा. अमुक फलंदाज शतक करील आणि त्याचाच संघ जिंकेल, या दोन घटना एकमेकींशी बांधलेल्या आहेत. शतक झाले तर विजयाची शक्यता वाढते. तेव्हा दोन भावांचा सरळ गुणाकार केला तर बुकीचे नुकसान होईल. म्हणून तो अशा बाबी साध्या साखळीत एकत्र घेऊ देत नाही, किंवा त्यांचा भाव वेगळा काढतो. पाणी साचलेल्या रुळांचा धडा त्याने आपल्याआधी गिरवला आहे.

चिंचोक्यांचा तास

वर्गात हे पटवायला पैसे नकोत, चिंचोके पुरतात. ६४ मुलांचा वर्ग घ्या. प्रत्येकाने १० चिंचोके शिक्षकांच्या टेबलावर ठेवावेत. जमले ६४० चिंचोके. सगळ्यांनी उभे राहावे आणि प्रत्येकाने एक नाणे उडवावे. छाप पडली त्यांनी उभे राहायचे, काटा पडला त्यांनी बसायचे. असे पाच वेळा. साधारण ३२, १६, ८, ४ आणि शेवटी २ मुले उभी राहतील. प्रत्यक्षात थोडे कमी-जास्त होईल, तेही मुलांना पाहू द्यावे. उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला पाच दुव्यांच्या भावाने २४८ चिंचोके द्यावेत. दोघे असतील तर ४९६ गेले, आणि शिक्षकांच्या टेबलावर १४४ उरले. खेळ पाच-सहा वेळा करून उरलेल्या चिंचोक्यांची सरासरी काढावी. एखाद्या वेळी शिक्षकांनाही पदरचे द्यावे लागतील. खेळ वाढवत नेला की सरासरी १४४ च्या जवळ सरकू लागेल.

मग उभ्या राहिलेल्यांना विचारावे, कसे जमले? कोणी ना कोणी कारण सांगतोच. अ‍ॅपच्या जाहिरातीत हसणारा चेहरा याच दोघांपैकी एकाचा असतो. बसलेल्या बासष्टांचा फोटो कोणी छापत नाही.

कायद्याबद्दल थोडे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मुख्य आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यास, मग त्यात कौशल्य असो वा नशीब, त्यात मनाई आहे. पण बंदी आली म्हणून मोह जात नाही, आणि परदेशातून चालणारी पैजांची अ‍ॅप ज्याच्या हाती भ्रमणध्वनी आहे त्याला शोधून काढतात. कायदा दार लावतो. दारापलीकडचा हिशेब मुलाला आपल्यालाच शिकवावा लागेल. संभाव्यतेचा धडा पाठ्यपुस्तकात आहेच. पिशवीतल्या गोट्या आणि नाणी कशासाठी, हे तेवढे त्याला सांगायचे राहून जाते.

त्या शिक्षकांचा नंतर दूरध्वनी आला. त्यांनी चिंचोक्यांचा तास घेतला होता. पाचव्या फेरीअखेर तिघे उभे राहिले, त्यामुळे टेबलावरचे चिंचोके कमी पडले आणि वर्गाने सरांची थट्टा केली. दुसऱ्या खेळात एकच उरला, तिसऱ्यात कोणीच नाही. तोवर मुले स्वतःच हिशेब मांडू लागली होती. उभ्या राहिलेल्यांपैकी एकाने आपली नाणे उडवण्याची खास पद्धतही समजावून सांगितली. तेव्हा सर्वांत मोठ्याने हसला तो मागच्या बाकावरचा, आठापैकी सात बरोबर आलेला मुलगा. शिकवणीचे ५०० रुपये त्याने अजून घरी सांगितलेले नाहीत. ते शिक्षकांनी तूर्त भरले आहेत, आणि तो दरमहा ५० रुपये परत करतो आहे. शिक्षक म्हणाले, "दहा महिने लागतील. पण ही साखळी तो पूर्ण करील असे वाटते."